काझुंगुलाच्या पुलावर गाडी का अडकते? दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, झांबिया मार्गासाठी समस्या निवारण

जोहान्सबर्ग किंवा प्रिटोरियाहून व्हिक्टोरिया धबधब्याकडे स्वतःची किंवा भाड्याची गाडी घेऊन निघणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. बोट्स्वानात शिरताना अर्ध्या तासात काम झालं, आणि काझुंगुलाला झांबियाच्या कस्टम्सच्या खिडकीसमोर अख्खी दुपार गेली. परत येताना तर त्याहून वाईट. आत जाताना घेतलेला परवाना बंदच झाला नाही, आणि सरकारी नोंदीत गाडी अजून झांबियातच उभी राहिली.

पासपोर्ट, व्हिसा, लसीचं कार्ड यांची तयारी लोक नीट करतात. गाडीच्या कागदांकडे मात्र आदल्या रात्री पाहतात. सीमेवरच्या कस्टम्स अधिकाऱ्याच्या लेखी गाडी म्हणजे कर न भरता तात्पुरता आत येऊ पाहणारा माल. त्या मालाची ओळख पटली पाहिजे, तो कुणाचा हे कळलं पाहिजे, आणि तो परत बाहेर गेल्याची नोंद झाली पाहिजे. खाली दिलेल्या बहुतेक अडचणी या तिन्हींपैकी एखादी गोष्ट राहून गेल्यामुळे येतात.

बोट्स्वानात काही झालं नाही, मग झांबियात का?

दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया, लेसोथो आणि इस्वातिनी हे पाच देश एकाच सीमाशुल्क संघात आहेत. हा संघ १९१० सालचा. संघातल्या एका देशात नोंदलेली गाडी दुसऱ्यात नेताना आयात कराचा प्रश्न फारसा येत नाही. ग्रोब्लर्सब्रुखला लिंपोपो ओलांडून मार्टिन्स ड्रिफ्टला पोचलात की गाडीची नोंद होते, रस्त्याचे आणि विम्याचे पैसे भरायचे आणि पुढे निघायचं.

झांबिया, झिंबाब्वे आणि मोझांबिक या संघाबाहेर आहेत. तिथे गाडीला तात्पुरता आयात परवाना लागतो. झांबियात त्याला सीआयपी म्हणतात, झिंबाब्वेत टीआयपी. नाव कुठलंही असो, काम तेच. म्हणजे खरी सीमा तुम्हाला प्रवासाच्या दुसऱ्या टप्प्यावर लागते आणि पहिल्या टप्प्याच्या सोपेपणामुळे माणूस गाफील राहतो.

सगळ्यात आधी: कुठल्या काझुंगुलाला निघालात?

झांबेझी आणि चोबे नद्यांच्या संगमाजवळ चार देशांच्या सीमा अगदी जवळ येतात आणि काझुंगुला हे नाव तिथे एकाहून जास्त नाक्यांना आहे. बोट्स्वानातून झांबियात जाणारा पूल एकीकडे, आणि बोट्स्वानातून झिंबाब्वेत, व्हिक्टोरिया फॉल्स गावाकडे जाणारा काझुंगुला रोड नाका दुसरीकडे. नकाशाच्या ॲपमध्ये नुसतं ‘काझुंगुला’ टाकलं की चुकीचा रस्ता लागू शकतो. धबधब्याच्या झांबियाच्या बाजूला, म्हणजे लिव्हिंगस्टनला जायचं असेल तर ‘काझुंगुला पूल’ असं शोधा.

हा पूल ९२३ मीटर लांब आहे आणि १० मे २०२१ रोजी सुरू झाला. झिंबाब्वेच्या हद्दीत जाऊ नये म्हणून तो नदीवर वळसा घेऊन बांधला आहे. त्याआधी इथे तराफ्यासारखी फेरी चालायची. ‘फेरीचं तिकीट काढा’, ‘नदीकाठी रांग लावा’ असा सल्ला ज्या माहितीत दिसेल ती २०२१ पूर्वीची समजा आणि तिच्यातले शुल्काचे आकडेही सोडून द्या.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळ्यात महागडी चूक इथूनच होते. काझुंगुलाला एकाच ठिकाणी दोन्ही देशांचं काम होतं. बोट्स्वानातून झांबियात जाताना तुम्ही थेट पूल ओलांडता आणि झांबियाच्या बाजूच्या इमारतीत आधी बोट्स्वानाचा बाहेर पडण्याचा शिक्का, मग झांबियाचा आत येण्याचा शिक्का घेता. परतताना उलट: दोन्ही देशांचे अधिकारी बोट्स्वानाच्या बाजूच्या इमारतीत बसलेले असतात. आफ्रिकेतली अशा पद्धतीची पहिली चौकी झांबिया आणि झिंबाब्वेमधली चिरुंडू, २००९ साली सुरू झालेली.

अडचण: ‘नंबर जुळत नाही’

अर्ध्याअधिक खोळंबा या एका वाक्यात आहे, म्हणून इथे वेळ घालवणं योग्य.

कस्टम्सला गाडीचे तीन नंबर हवे असतात: नंबर प्लेट, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. दक्षिण आफ्रिकेच्या गाडीत हे तिन्ही समोरच्या काचेवर लावलेल्या गोल लायसन्स डिस्कवर छापलेले असतात आणि नोंदणी प्रमाणपत्रावरही असतात. अधिकारी कागद पाहतो, कधी बॉनेट उघडायला सांगतो आणि लोखंडावर कोरलेला नंबर कागदाशी ताडून पाहतो.

चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. त्यामुळे चेसिस नंबरात जे गोल दिसतं ते नेहमी शून्य असतं आणि जी उभी रेघ दिसते ती नेहमी एक. परवान्यावर कुणी तिथे ओ किंवा आय टाइप केला असेल तर तो चुकीचाच आहे, ठामपणे पण नम्रपणे दाखवून द्या. इंजिन नंबराला हा नियम लागू नाही. तिथे शंका आली तर डिस्कवर छापलेलंच प्रमाण धरा.

घरून निघण्याआधी, शक्यतो महिनाभर आधी, गाडीखाली आणि बॉनेटमध्ये डोकावून हे दोन्ही नंबर स्वतः वाचा. चेसिस नंबर सांगाड्याच्या लोखंडावर कोरलेला असतो, शिवाय दाराच्या खांबाजवळ किंवा बॉनेटखाली पट्टीवर छापलेला असतो. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि अनेक डिझेल गाड्यांत तो पाइप आणि वायरिंगच्या मागे दडलेला असतो. ओल्या फडक्याने तेलाचा थर पुसा, टॉर्च तिरपा धरा, मोबाइलने फोटो काढा. गंज असेल तर मऊ ब्रश फिरवा, पण सँडपेपर अजिबात लावू नका. घासलेला नंबर खाडाखोड केल्यासारखा दिसतो, आणि चोरीच्या गाड्या पकडण्यासाठी नेमलेला पोलीस नेमकं तेच शोधत असतो. तो नंबर कुठून दिसतो हे तुम्हाला ठाऊक असेल तर सीमेवर दोन मिनिटांत काम होतं. ठाऊक नसेल तर अधिकारी, तुम्ही आणि आणखी चारजण बॉनेटमध्ये वाकून शोधत बसता.

इंजिन बदललेली गाडी हा वेगळाच प्रकार. जुनी हायलक्स किंवा लँड क्रूझर घेतलेल्यांना हे बऱ्याचदा माहीतच नसतं. मागच्या मालकाने इंजिन बदललं, नोंदणीत बदल केला नाही, आणि देशात फिरताना कुणी विचारलंही नाही. सीमेवर मात्र ती सरळ संशयित गाडी ठरते. यावर सीमेवर उपाय नाही. दक्षिण आफ्रिकेत आधी पोलिसांकडून गाडीची तपासणी करून दाखला घ्यावा लागतो आणि मग नोंदणीत नवा इंजिन नंबर चढतो. त्याला वेळ लागतो. तोवर ही गाडी सीमेपलीकडे नेऊ नका.

नंबर बरोबर असूनही परवाना टाइप होताना चूक होते, हे तर रोजचंच. म्हणून परवाना हातात आला की खिडकीसमोरून हलू नका. मागे रांग असली तरी चालेल. नंबर प्लेट, चेसिसचे शेवटचे सहा आकडे, पूर्ण इंजिन नंबर, तुमचा पासपोर्ट नंबर आणि परवान्याची शेवटची तारीख बोट ठेवून वाचा. चूक असेल तर त्याच खिडकीवर पाच मिनिटांत दुरुस्त होते. बाहेर पडताना सापडली तर ‘ही ती गाडी नाहीच’ असा प्रश्न उभा राहतो.

ट्रेलर किंवा कॅराव्हॅन जोडलेली असेल तर ती स्वतंत्र वाहन धरली जाते. तिची डिस्क वेगळी, चेसिस नंबर वेगळा, परवान्यावरची नोंद वेगळी. छतावरचा तंबू मात्र गाडीचाच भाग.

अडचण: ‘गाडी तुमची नाही’

गाडी तुमच्या नावावर असेल आणि कर्ज फिटलेलं असेल तर मूळ नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याची साक्षांकित प्रत पुरते. दक्षिण आफ्रिकेत पोलीस ठाण्यात प्रती फुकट साक्षांकित करून मिळतात. शिक्का ताजा असू द्या, तीन महिन्यांहून जुनी प्रत अनेकदा नाकारतात.

कर्ज चालू असेल तर मूळ प्रमाणपत्र बँकेकडे असतं. अशा वेळी बँकेचं परवानगीपत्र हवं. भाड्याच्या गाडीला भाडे कंपनीचं, ऑफिसच्या गाडीला ऑफिसचं, मित्राच्या गाडीला मित्राचं शपथेवर केलेलं पत्र. पत्र आहे पण त्यात जे लागतं तेच नाही, अशी स्थिती फार वेळा येते. पत्रात चालकाचं पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, गाडीचे तिन्ही नंबर, जाणार त्या प्रत्येक देशाचं नाव आणि जाण्या-येण्याच्या तारखा असल्या पाहिजेत. ‘शेजारी देश’ असं मोघम लिहिलेलं पत्र झांबियात चालेलच असं नाही. परतीच्या तारखेत चारपाच दिवसांची मोकळीक ठेवून घ्या, गाडी बिघडली तर ती उपयोगी पडते.

दोघंजण आळीपाळीने चालवणार असाल तर दोघांची नावं पत्रात हवीत. मराठी नावांच्या बाबतीत एक काळजी घ्या. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि भाडे कंपनी फक्त पहिलं नाव व आडनाव छापते. मग पत्रातली व्यक्ती आणि पासपोर्टातली व्यक्ती वेगळी वाटते. गाडी बुक करतानाच पासपोर्टची प्रत पाठवा आणि नाव अक्षरशः तसंच छापून मागा.

दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचा गाडी तपासणीचा दाखला झांबियाच्या बाजूला पोलीस मागतात. भाड्याची गाडी असेल तर तो कागदांच्या संचात आहे का ते गाडी ताब्यात घेतानाच पाहा. लायसन्स डिस्कची मुदत प्रवास संपेपर्यंत शिल्लक आहे ना, हेही तेव्हाच.

अडचण: एक पावती राहिली आणि फाटकावरून परत पाठवलं

झांबियात शिरताना कामं साधारण अशी होतात: इमिग्रेशन, गाडीची पोलीस नोंद, कस्टम्सचा परवाना, कार्बन कर, परदेशी गाडीचा रस्ता टोल, विमा, स्थानिक परिषदेचा कर आणि पुलाचा टोल. खिडक्यांचा क्रम बदलू शकतो. फाटकावरचा माणूस मात्र सगळ्या पावत्या पाहिल्याशिवाय सोडत नाही.

यात कस्टम्सच्या परवान्याला स्वतःला पैसे पडत नाहीत. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो अधिकारी नाही.

कार्बन कर इंजिनच्या क्षमतेवर ठरतो आणि टप्पे १५०० सीसीपर्यंत, १५०१ ते २०००, २००१ ते ३००० आणि त्यावर असे आहेत. इथे गाडीवरचा बिल्ला पाहून चुकीचा टप्पा लागू शकतो. जुन्या ३.० लिटर हायलक्सचं इंजिन प्रत्यक्षात २९८२ सीसीचं आहे, म्हणजे ती तिसऱ्या टप्प्यात बसते. २.८ लिटरची नवी २७५५ सीसी आणि २.४ ची २३९३ सीसी, म्हणजे दोन्ही त्याच टप्प्यात. ४.२ लिटर डिझेल लँड क्रूझर ४१६४ सीसीची, ती वरच्या टप्प्यात जाणारच. प्रत्यक्ष सीसीचा आकडा लिहून जवळ ठेवा.

पैशाची तयारी दोन चलनांत ठेवा. रस्ता टोल बहुधा डॉलरमध्ये, बाकीची बरीचशी शुल्कं क्वाचामध्ये, म्हणजे झांबियाच्या चलनात. डॉलरच्या नोटा २००९ नंतरच्या, न फाटलेल्या, पेनाच्या खुणा नसलेल्या आणि लहान रकमेच्या हव्यात. शंभराची एकच नोट दिली तर सुटे मिळत नाहीत आणि तेवढ्यासाठी बाहेरच्या दलालाकडे जावं लागतं. तिथे नोटा नीट बघून घ्या. झांबियाने १ जानेवारी २०१३ रोजी चलनातले तीन शून्य काढले आणि २०२५ मध्ये नव्या नोटांची मालिका आणली. त्याआधीच्या नोटा अनोळखी पाहुण्याच्या हातात खपवायचे प्रयत्न होतात. पाच अंकी रकमेची नोट दिसली की ती रद्दी समजा.

भारतीय कार्ड घेऊन आलेल्यांचं कार्ड मशीनवर नाकारलं जातं, याचं कारण बहुधा खात्यात नसून सेटिंगमध्ये असतं. २०२० पासून भारतातल्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपण स्वतः सुरू करावे लागतात. मुंबई-पुण्याहून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला दुकानातला व्यवहार आणि एटीएम दोन्ही चालू करा. सीमेवर नेटवर्क आणि ओटीपी यांवर भिस्त ठेवून हे करायला जाऊ नका.

अडचण: ‘विम्याचा कागद दाखवा’

दक्षिण आफ्रिकेत तिसऱ्या पक्षाच्या इजेची भरपाई पेट्रोल-डिझेलवरच्या अधिभारातून चालणाऱ्या निधीतून होते. त्यामुळे तिथल्या गाडीवाल्याकडे आपल्याकडच्यासारखा सक्तीच्या विम्याचा वेगळा कागदच नसतो. झांबियात तो लागतो आणि सीमेवरच विकत मिळतो. तो घ्या आणि तारीख तपासा.

हा विमा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता असतो. तुमच्या गाडीचं काय, ते तुमच्या मूळ पॉलिसीवर. अनेक पॉलिसी शेजारच्या देशांत आधी कळवल्यासच लागू होतात, म्हणून विमा कंपनीकडून देशांची नावं असलेलं लेखी पत्र घ्या. भाड्याच्या गाडीत टायर, काच आणि गाडी ओढून आणण्याचा खर्च झांबियात धरलेला आहे का, हे वेगळं विचारा.

पुढे मलावी, टांझानिया, केनियापर्यंत जायचं असेल तर झांबियातच कोमेसाचं, म्हणजे पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांच्या व्यापारी गटाचं, पिवळं कार्ड काढून घ्या. अनेक देशांत चालणारा तिसऱ्या पक्षाचा विमाच तो. दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना त्या योजनेत नाहीत, झांबिया आहे. टांझानिया कोमेसाचा सदस्य नसला तरी पिवळं कार्ड तिथे चालतं. त्या मार्गावर आणखी एक गोष्ट विसरली जाते: झांबियाहून नाकोंडे-टुंडुमा ओलांडून टांझानियात शिरताना घड्याळ एक तास पुढे जातं. दुपारी चारला पोचलात तर पलीकडे पाच वाजलेले असतात.

अडचण: नाका पार झाला, पुढच्या पोलीस चौकीवर दंड

झांबिया आणि झिंबाब्वेत गाडीवर पुढे पांढरे आणि मागे लाल परावर्तक हवेत. हे दिव्यांच्या काचेतले नव्हेत, वेगळे चिकटवलेले. सोबत गाडी बंद पडल्यावर रस्त्यावर ठेवायचे दोन त्रिकोण हवेत, एक नाही. भाड्याच्या गाडीत बहुधा एकच असतो. प्लॅस्टिकच्या त्रिकोणावरून वाद होतात म्हणून धातूचे घ्या, किमतीत फार फरक नाही. अग्निशामक नळकांडं मुदतीतलं असावं आणि हाताला येईल असं बांधलेलं असावं. सुटी स्टेपनी, जॅक, पाना हे तर आहेच. परावर्तक पट्ट्या आदल्या दिवशी बंपर धुऊन, कोरडा करून लावा. धुळीवर लावलेल्या पट्ट्या खडबडीत रस्त्यावर गळून पडतात.

दंड झालाच तर पावती मागा. पावती मिळत नसेल तर ‘पोलीस ठाण्यात येऊन भरतो’ असं शांतपणे सांगा. आवाज चढवून काही साधत नाही. बोट्स्वानात पुरुष अधिकाऱ्याला ‘दुमेला रा’ आणि बाईंना ‘दुमेला म्मा’ म्हणून, दोन क्षण थांबून मग कागद पुढे केले की बोलणं सरळ होतं. आधी नमस्कार आणि मग काम, ही तिथली रीत आहे. घाईत खिडकीतून कागद सरकवणं उद्धटपणाचं वाटतं.

अडचण: माणसांमुळे अडकलेली गाडी

याचा विस्तार करत नाही, पण तीन गोष्टी सोडता येत नाहीत. भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर बोट्स्वानात गेल्याक्षणी तो संपला आणि परत येता येणार नाही. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा मागा आणि सोबत पूर्ण मार्ग जोडा. दुसरं, मुलं बरोबर असतील तर आईवडिलांची दोन्ही नावं असलेला जन्मदाखला ठेवा आणि पालकांपैकी एकजण नसेल तर त्यांचं शपथेवरचं संमतीपत्रही.

तिसरं औषधांचं, आणि ते खरोखर गंभीर आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि डायफेनहायड्रामिन असलेलं सिरप, जे भारतात घरोघरी बेनाड्रिलच्या नावाने असतं, यांच्यामुळे झांबियात प्रवासी अटकेत गेलेले आहेत. औषधांच्या पिशवीतली प्रत्येक बाटली वाचा, ही दोन काढून टाका, आणि बाकीची मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

बोट्स्वानात लाळ्या-खुरकुताच्या बंदोबस्तासाठी वाटेत कुंपणं आहेत. तिथे कच्चं मांस आणि दुधाचे पदार्थ तपासतात, बुटांचे तळवे आणि चाकं औषधाच्या पाण्यातून नेतात. घरचं दही आणि पनीर त्याआधीच संपवा.

अडचण: परवाना बंद न करताच बाहेर पडलो

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

काझुंगुलाला परतताना तुम्ही पूल ओलांडून बोट्स्वानाच्या इमारतीत येता. झांबियाच्या इमिग्रेशनने शिक्का मारला, शेजारी बोट्स्वानाच्या इमिग्रेशनने मारला, पासपोर्ट हातात आला की काम झालं असं वाटतं. पण झांबियाच्या कस्टम्सची खिडकीही त्याच इमारतीत आहे आणि तिथे परवाना जमा करून गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्यायची असते. पूल मागे पडलेला असल्याने ‘झांबिया संपलं’ असं मन धरून चालतं. म्हणून परतीच्या वेळी इमारतीत शिरल्यावर आधी झांबियाचं कस्टम्स कुठे बसतं ते विचारा, इमिग्रेशन नंतर.

परवाना जमा करण्यापूर्वी त्याचा फोटो काढा. नोंद झाल्याचा शिक्का किंवा छापील कागद मागा आणि त्याचाही फोटो ठेवा. तो कागद वर्षभर फेकू नका. नोंद राहिली तर पुढच्या वेळी संगणकात गाडीसमोर उघडा परवाना दिसतो. मग गाडी अडते, किंवा आयात कराची मागणी येते. भाड्याच्या गाडीत ही मागणी कंपनीकडे जाते आणि तिथून तुमच्या कार्डावर.

मुदतीचा घोटाळाही याच वर्गातला. पासपोर्टवर ३० दिवसांचा शिक्का मिळाला म्हणजे गाडीलाही ३० दिवस मिळाले असं नाही. परवान्यावरची तारीख वेगळी आणि बऱ्याचदा आधीची असते. खिडकीवर परतीची तारीख स्वतःहून सांगा, तीत काही दिवस जादा धरा. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी जवळच्या कस्टम्स कार्यालयात जा. लिव्हिंगस्टन आणि लुसाका दोन्हीकडे कार्यालय आहे. संपल्यावर गेलात तर ते दंडाचं प्रकरण होतं.

परवाना ज्याच्या नावावर, त्यानेच गाडी बाहेर नेली पाहिजे. अचानक घरी जावं लागलं म्हणून लिव्हिंगस्टनहून विमान पकडायचं आणि गाडी मित्राच्या हाती परत पाठवायची, हे आयत्या वेळी जमत नाही. आधी कस्टम्समध्ये जाऊन दुसऱ्या चालकाच्या नावे लेखी परवानगी घ्या, मालकाच्या पत्रात त्याचं नाव नसेल तर तेही नवं मागवा. गाडी बिघडून गॅरेजमध्ये अडकली असेल तर गॅरेजचं पत्र घेऊन मुदत वाढवा. अपघातात निकामी झाली असेल तर पोलिसांचा अहवाल घेऊन कस्टम्सला कळवा. भंगारात दिली तर तुमच्या लेखी गाडी संपली, पण कस्टम्सच्या लेखी ती आयात झाली आणि तिच्यावर कर लागला.

खिडकीबाहेरचे ‘मदतनीस’

पार्किंगमध्ये गळ्यात ओळखपत्र लटकवलेली माणसं धावत येतात, कागद मागतात. कागद त्यांच्या हातात देऊ नका, पासपोर्ट तर नाहीच. खरा अधिकारी खिडकीआड बसतो आणि पावती देतो. मालवाहू ट्रकांसाठी नोंदणीकृत एजंट असतात, पण खासगी गाडीला एजंटची गरज नाही. एकाने रांगेत उभं राहावं, दुसऱ्याने गाडीपाशी थांबावं, आणि गाडी कुलूपबंद असावी.

परवाना राहून गेला आणि घरी पोचलात, तर

गाडी आता दक्षिण आफ्रिकेत आहे हे सिद्ध करायचं आहे. त्यासाठी बोट्स्वानातून दक्षिण आफ्रिकेत शिरतानाचे पासपोर्टचे शिक्के, परतीच्या वाटेवरच्या टोलच्या आणि इंधनाच्या पावत्या, आणि घरी आल्यानंतर पोलिसांकडून गाडी प्रत्यक्ष पाहून घेतलेला तारखेचा दाखला एकत्र करा. त्यासोबत मूळ परवाना आणि थोडक्यात पत्र, झांबियाच्या महसूल प्राधिकरणाच्या ज्या कार्यालयातून परवाना निघाला तिथे पाठवा. पत्रात परवाना क्रमांक सगळ्यात वर लिहा. भाड्याची गाडी असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, कारण नोंद त्यांच्या गाडीवर आहे आणि पुढच्या आठवड्यात तीच गाडी दुसऱ्या कुटुंबाला घेऊन त्याच पुलावर उभी असेल.